ओटीचा खण टपरीवर : गावदेवीच्या देवळातल्या एका वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जून २०२१च्या अखेरीस पुणे महापालिकेत २३ गावं एकदम सामील झाली. हे प्रकरण त्यांतल्याच एका गावातलं. गावाचं, देवीचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाद मिटवायला ज्या बैठका झाल्या त्यांची टिपणं घेण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं जवळून ऐकायला मिळालं.

देऊळ गावाच्या शिवेवर आहे, म्हणजे एके काळी शिवेवर होतं. आता तिथं चौक झालाय आणि तीन बाजूंना बारा-चौदा मजली इमारती आहेत. मूळची दगडी घुमटी अजून शाबूत आहे. तिच्याभोवती स्लॅबचा सभामंडप, चकचकीत फरशी, रांगेसाठी स्टीलचे कठडे. आत मूर्ती नाही, तांदळा आहे, म्हणजे न घडवलेला दगड. शेंदराचे थर चढलेला, चांदीचे डोळे लावलेला. मुखवटा फक्त उत्सवात चढतो. गावातली माणसं देवीचं नाव क्वचितच घेतात, तिला नुसतं ‘आई’ म्हणतात. मंगळवार-शुक्रवारी आणि अवसेला गर्दी, चैत्री पौर्णिमेला यात्रा, यात्रेच्या रात्री छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक. आईला पुरणपोळीचा नैवेद्य. यात्रेचा बोकड लांब, ओढ्याकाठच्या म्हसोबाला. लग्न ठरलं की पहिली पत्रिका इथं येते, नवी नवरी उंबरा ओलांडण्याआधी इथं येते.

इमारतींतली माणसं मात्र वेगळ्या वाटेनं इथवर आली. कोणी लातूरचं, कोणी यवतमाळचं, कोणी बेळगावकडचं. त्यांची कुळदेवी तुळजापूरला, माहूरला, कोल्हापूरला. नवरात्रात तिकडं जायला रजा मिळत नाही, मग जवळ जी आई आहे तिची ओटी भरायची. यात काही गैर नाही. मुंबईत गिरगावाजवळची गावदेवी काय किंवा पुण्याच्या पेठेतली तांबडी जोगेश्वरी काय, गाव शहरात विरलं तरी देवी उरते आणि नव्यानं आलेले तिला आपलंसं करतात. इथं एवढंच झालं की पूर्वी या देवळाचा मोठा दिवस यात्रेचा होता, तो आठ-दहा वर्षांत नवरात्राकडे सरकला. आणि नवरात्र म्हणजे ओट्या. खण, नारळ, तांदूळ नाहीतर गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, बांगड्या, वेणी. नऊ दिवस गाभाऱ्याच्या कोपऱ्यात नारळांची रास छातीला लागते.

पूजा गुरवाच्या घराण्याकडे. सकाळची पूजा, संध्याकाळचा दिवा, झाडलोट, यात्रेत नगारा. या कामाचा मोबदला तीन ठिकाणांहून यायचा. गुरव हा बारा बलुतेदारांतला, त्यामुळे सुगीला खळ्यावरून धान्य. दुसरं, देवस्थान इनामाची थोडी जमीन. सातबाऱ्यावर ती देवीच्या नावे, गुरव फक्त वहिवाटदार. तिसरं, देवीपुढे येईल ते.

यातलं धान्य बंद झालं, कारण खळीच राहिली नाहीत. ज्या शेतांतून बलुतं यायचं त्याच शेतांवर आज इमारती आहेत. शेतकऱ्याला जमिनीचा भाव मिळाला, गुरवाला धान्याऐवजी काय मिळेल याचा विचार त्या व्यवहारात कोणी केला नाही, करायचं कारणही नव्हतं. इनामाची जमीन माळाची. ती विकता येत नाही, आणि कसायची म्हटलं तर पाणी नाही. म्हणजे उरलं फक्त देवीपुढचं.

मग करोना आला. मार्च २०२० पासून देवळं बंद. नोव्हेंबरात पाडव्याला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. बंद दाराआड पूजा रोज होत होती, पण देवीपुढं काही येत नव्हतं. त्या दोन वर्षांत गुरवाच्या घरी काय हाल झाले ते गावातल्या जवळच्यांना माहीत होतं. दार उघडल्यावर त्यानं बाहेरच्या ओटीच्या टपरीशी बोलून ठेवलं : नारळ आणि खण साठतील तसे ती निम्म्या भावात घेणार. टपरी गावातल्याच एका बाईची, नवरा गेल्यानंतर तिनं टाकलेली. असा व्यवहार पुष्कळ देवळांबाहेर चालतो, फिरता नारळ कोणी पाहिला नाही असं नाही. इथं तो दोन वर्षं बिनबोभाट चालला.

काय घडलं

२०२३च्या नवरात्रात, ललिता पंचमीला, एका सोसायटीतल्या शिक्षिका ओटी भरायला गेल्या. त्या मूळच्या सोलापूरकडच्या. ओटीतला खण हातमागाचा, त्यांच्या आईनं कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून आणलेला. कडा उसवू नयेत म्हणून त्यांनी स्वतः पिवळ्या दोऱ्यानं टाके घातले होते. बाकी सगळ्या ओट्यांत पॉलिस्टरचे चमकते तुकडे असताना असा खण लपत नाही. अष्टमीला त्या पुन्हा गेल्या तेव्हा तो टपरीच्या दोरीवर चिमट्याला लावलेला दिसला.

त्यांनी विचारलं. टपरीवाल्या बाईनं काहीही लपवलं नाही. “देवळातलाच हाये ताई. आईच्या अंगाला लागून आलाय, नव्यापेक्षा चांगला.” वर तो परत द्यायलाही ती तयार होती. शिक्षिकांनी घेतला नाही; देवीला दिलेलं परत कसं घ्यायचं? त्यांनी फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो शेजारच्या चार सोसायट्यांत फिरला. खणाचा विषय तासाभरात नारळावर गेला : आपण दोन वर्षं एकच नारळ विकत घेऊन वाहतोय का? कोणी ‘देवीच्या नावावर लूट’ असं लिहिलं, कोणी त्याखाली गुरवाचा फोटो लावला. तो फोटो गावातल्या मंडळाच्या पोरांच्या फोनवर पोचायला वेळ लागला नाही. त्या वर्षी नवमीच्या आरतीचा मान पहिल्यांदाच सोसायटीच्या बायकांना दिला होता. तो रातोरात काढून घेतला गेला. नवमीला बायका ताटं घेऊन आल्या तेव्हा आरती उरकलेली होती.

दसऱ्याला दोन्हीकडची माणसं सोनं वाटायला एकाच मंडपात आली आणि एकमेकांना न देता परतली.

नेमका प्रश्न काय होता

ज्याला त्याला आपला प्रश्नच खरा वाटत होता.

सोसायटीचं म्हणणं सरळ होतं. आम्ही पैसे मोजून नारळ घेतो, देवीला वाहतो. तो उष्टा नारळ दुसऱ्याला नवा म्हणून विकणं ही फसवणूक. शिक्षिकांची व्यथा याहून वेगळी होती, पण गटावरच्या गदारोळात ती हरवली. त्यांचं पैशाबद्दल काही म्हणणं नव्हतं. आईनं आणलेला खण देवीच्या अंगावर एक दिवस तरी राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

गावाला मात्र यात फसवणूक दिसतच नव्हती. गावातल्या एका म्हाताऱ्या आजींनी पहिल्याच बैठकीत हे सांगितलं, आणि मला ते अजूनही सगळ्यात नेमकं वाटतं : “आईनं नजर टाकली की तिचं झालं. मग ते खोबरं कुणाच्या पोटात जातंय त्याची तिला काय पडलीय?” या समजुतीत वाहिलेली वस्तू उष्टी होत नाही, प्रसाद होते, आणि प्रसाद फिरायचाच असतो. गावाला राग आला तो गुरवाचा फोटो लावल्याचा. गुरवावर बोट म्हणजे आईवर बोट.

कायद्याच्या अंगानं तिसरीच बाजू. देवीपुढे ठेवलेली वस्तू देवीची, म्हणजे न्यासाची. पुजाऱ्याचा हिस्सा रूढीनं किंवा लेखी योजनेनं ठरलेला असेल तेवढाच त्याचा. इथं न्यास नोंदलेला होता, पण परिशिष्ट १ वर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, ज्यांची नावं विश्वस्त म्हणून होती त्यांतले बरेचसे हयात नव्हते. गुरवाचा हिस्सा किती हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कधी पडली नव्हती.

आणि या सगळ्याचा निवाडा करायला कोणी नव्हतं. एरवी असा वाद सरपंचाच्या ओसरीवर मिटला असता. पण ग्रामपंचायत २०२१ला विसर्जित झाली, आणि मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, म्हणजे तेव्हा नगरसेवकही नव्हता. माजी सरपंचांना गाव मानत होतं, सोसायट्या ओळखत नव्हत्या.

पुढे आलेले पर्याय

सोसायटीच्या सचिवांचा पहिला विचार धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करण्याचा होता. मसुदाही तयार झाला. तक्रारीत दम होता हे नाकारता येणार नाही. हिशोब नव्हते, विश्वस्त मंडळ कागदावरच होतं. पण तक्रार झाली असती तर तिचा पहिला घाव गुरवावर पडला असता आणि दुसरा गावानं सोसायटीशी बोलणं टाकण्याचा.

दुसरा पर्याय काही तरुण रहिवाशांचा : ओटीच बंद करा. दक्षिणा क्यूआर कोडनं घ्या. स्वच्छ, हिशोबी. गावातल्या बायकांनी हा पर्याय ऐकूनच उडवून लावला, आणि सोसायटीतल्या बायकांनीही. ओटी न भरता देवीला जायचं म्हणजे माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवण्यासारखं, असं दोन्हीकडच्या बायका एकाच सुरात म्हणाल्या. या वादातलं ते त्यांचं पहिलं एकमत.

तिसरा, गुरवाला पगारी करायचं आणि आलेलं सगळं न्यासानं घ्यायचं. मोठ्या देवस्थानांचे दाखले लगेच निघाले. पंढरपुरात १९७३च्या कायद्यानं बडवे-उत्पातांचे, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क संपवले, तो वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ला मिटला. कोल्हापूरच्या अंबाबाईसाठी २०१८मध्ये पगारी पुजाऱ्यांची तरतूद करणारा कायदा विधिमंडळानं केला. हे दाखले बैठकीत फार वजनानं मांडले गेले, पण मला ते इथं गैरलागू वाटतात. तिथं प्रश्न प्रचंड उत्पन्नाचा होता. इथं एक घर दिवसभर देऊळ सांभाळून कसंबसं चालत होतं.

चौथा, आहे ते चालू द्यायचं, फक्त झाकून. मंडळाच्या पोरांना हेच हवं होतं : टपरी थोडी लांब हलवा, कोणाला दिसणार नाही.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा म्हणजे तक्रार थांबवणं. सोसायटीतले एक निवृत्त तलाठी सचिवांना म्हणाले, कागद महिनाभर खिशात ठेवा, तो कुठं पळून जात नाही. त्यांना इनाम जमिनीचा अनुभव होता. या देवळाच्या गुरवाला काय मिळतं हे आधी बघू, मग त्यानं काय घेतलं ते बघू, असं त्यांचं म्हणणं. सचिवांनी ऐकलं. पुढचं सगळं या एका उशिरामुळे शक्य झालं, असं मी म्हणेन.

दुसरी जागा, गुरवाशी कोणी बोलायचं. पुरुषांनी जाऊन जाब विचारायचा बेत होता. त्याऐवजी शिक्षिका स्वतः, शेजारणीला घेऊन, दुपारच्या वेळी गुरवाच्या घरी गेल्या आणि त्याच्या बायकोशी बोलल्या. त्या तिला ‘काकू’ म्हणत आल्या होत्या, तेच चालू ठेवलं. चहा झाला. काकूंनी आधी माफी मागितली नाही की भांडणही काढलं नाही, त्यांनी आकडे सांगितले. दिव्याला तेल किती लागतं, कोण देतं. सुगीला पूर्वी किती पायली ज्वारी यायची. लॉकडाऊनमध्ये कोणी काय दिलं. शेवटी म्हणाल्या, “तुमच्या बिल्डिंगीखालची जमीन आमच्या बलुत्याची व्हती ताई. कुनाचा दोष न्हाई. पन आता दानं न्हाई म्हटल्यावर नारळच हाये.”

शिक्षिकांनी हे वाक्य गटावर जसंच्या तसं लिहिलं. गटावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकानं तक्रारीच्या मसुद्याचं काय करायचं म्हणून विचारलं.

तिसरी जागा बैठकीच्या वेळेची. सोसायटीला ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हवी होती. माजी सरपंचांनी कोजागरी सुचवली, दूधही होईल आणि बोलणंही. पण त्या वर्षी कोजागरीला खंडग्रास चंद्रग्रहण होतं. देऊळ बंद ठेवायचं की नाही, दूध आटवायचं की नाही, यावरच गावात दोन तट पडले आणि बैठक पुढच्या आठवड्यावर गेली. ग्रहणानं काम सोपं केलं. तोवर दोन्हीकडचा ताप उतरला होता.

बैठक कुठं घ्यायची यावरही घासाघीस झाली. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये खुर्च्या होत्या. गाव म्हणालं, आईचा विषय आईपुढंच. सगळे सभामंडपात सतरंजीवर बसले. ज्यांना मांडी घालता येत नव्हती त्यांच्यासाठी खुर्च्या आणल्या, त्या मागं मांडल्या. कोण कुठं बसतं यालाही गावात मोल असतं आणि त्या दिवशी ते नकळत बरोबर जुळलं.

काय ठरलं

तीन बैठकांत मिळून ठरलं ते असं.

नारळ पूर्ण ठेवून घ्यायचा नाही. भाविकापुढंच फोडायचा, अर्धी वाटी परत द्यायची, अर्धी देवीची. फोडलेला नारळ फिरत नाही, त्यामुळे संशयच उरत नाही. देवीच्या अर्ध्या वाट्या गुरवाच्या. खोबरं वाळवून विकायचं तर त्यानं विकावं. खण आणि साड्यांतून आधी काकूंनी आपल्या घरासाठी निवडायचं, हा त्यांचा मान. उरलेल्यांचा लिलाव सभामंडपात, सगळ्यांसमोर. लिलावाला सोसायटीतले काही बिचकत होते, देवीची साडी विकायची कशी म्हणून. तेव्हा कोल्हापूरचा दाखला कामाला आला : तिरुपतीहून अंबाबाईला येणाऱ्या मानाच्या शालूचेही लिलाव झालेले आहेत. तांदूळ-गहू यात्रेच्या भंडाऱ्याला. आरतीच्या ताटातले पैसे पूर्वीसारखे गुरवाचे, त्याला कोणी हात लावायचा नाही.

आणि गुरवाला दरमहा मानधन. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला. सचिव म्हणाले, सोसायटीच्या देखभाल निधीतून देऊ. त्यावर एका रहिवाशानं हरकत घेतली. तो ख्रिस्ती होता, पण हरकतीचं कारण ते नव्हतं : देखभालीचे पैसे लिफ्टसाठी आणि पाण्यासाठी गोळा होतात, ते कोणत्याच देवळाला जाऊ नयेत. काहींना हे लागलं. तो बरोबर होता, आणि तलाठ्यांनी तसं बोलून दाखवल्यावर विषय मिटला. मानधन ज्याला द्यायचं त्यानं स्वतःच्या खिशातून द्यायचं ठरलं, आणि ते न्यासाच्या खात्यात.

तिथंच गाडं अडलं. खात्यावर सही करणारे दोघेही वारलेले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो. इथं कित्येक वर्षं एकही केलेला नव्हता. आता सगळे एकदम करायचे तर प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला, नवीन नेमणुकीचा ठराव, उशिराची माफी, संमतीपत्रं. एका जुन्या विश्वस्ताचा दाखला मिळेना, कारण ते गावी न वारता मुलीकडे दुसऱ्या जिल्ह्यात वारले होते आणि कोणत्या दवाखान्यात ते मुलीलाही नक्की आठवत नव्हतं. तोवर मानधनाचे पैसे तलाठ्यांकडच्या एका वहीत नोंदून रोख द्यायचे, देणाऱ्याचं नाव आणि काकूंची सही, अशी तात्पुरती सोय झाली. कागदोपत्री ती कच्ची आहे. पण पैसे वेळेवर पोचले.

परिणाम

चैत्री पौर्णिमेला, २३ एप्रिल २०२४ला, यात्रा झाली. छबिना पहिल्यांदाच सोसायट्यांच्या फाटकांवरून गेला. यावर कोणी ठराव केला नव्हता, पालखीचे मानकरी त्या बाजूला वळले आणि वळले. फाटकाशी बायका पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. काहींना पालखीच्या पायावर पाणी घालायचं असतं हे माहीत नव्हतं, गावातल्या बायकांनी हाताला धरून दाखवलं.

त्या वर्षीच्या नवरात्रात, ३ ऑक्टोबरपासून, नारळ फोडण्याची पद्धत चालली, पण रांग दुप्पट झाली. प्रत्येक नारळ फोडायचा म्हणजे वेळ लागतो. फोडणारा माणूस वेगळा ठेवावा लागला, त्याच्या मजुरीचा विचार कोणी केलेला नव्हता. पाणी फरशीवर सांडून एक आजी घसरल्या, सुदैवानं थोडक्यात निभावलं. चौथ्या माळेपासून फोडायची जागा मंडपाबाहेर हलवली, खाली पोती टाकली.

लिलाव चांगला झाला. गावातल्या आणि सोसायटीतल्या बायका शेजारी बसून चढ्या बोली लावत होत्या. एका गुलाबी साडीवरून दोघींची अशी चुरस लागली की शेवटी तिसरीच घेऊन गेली. नवमीची आरती सोसायटीच्या बायकांनी केली. मागच्या वर्षीची आठवण कोणी काढली नाही, निदान मोठ्यानं.

जे सुधारलं नाही ते तयार ओटीच्या पाकिटांचं. प्लास्टिकच्या पिशवीत पॉलिस्टरचा तुकडा, चिमूटभर तांदूळ, बोटभर आरसा आणि कुंकवाची डबी. अशा खणाचं ब्लाऊज शिवत नाही, लिलावात कोणी घेत नाही, काकूही निवडत नाहीत. त्यांची पोतीच्या पोती देवळामागं पडून आहेत. सुती खण आणा असा फलक लावला होता. लोक तो वाचतात आणि पाकीट घेतात, कारण पाकीट हाताशी असतं. फिरत्या वस्तूचा वाद ज्या खणावरून सुरू झाला तो फिरण्याजोगा होता, हे इथं मुद्दाम नोंदवतो.

वेगळं काय करता आलं असतं

फोटो गटावर जाण्याआधी काकूंशी बोलणं झालं असतं तर गुरवाची बदनामी टळली असती, हे शिक्षिका स्वतःच म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. फोटो गेला नसता तर खण गुपचूप दोरीवरून उतरला असता आणि मानधनाचा विषय निघालाच नसता. चुकलं ते गुरवाचा चेहरा लावणं, आणि ते दुसऱ्याच कोणीतरी केलं होतं. गटाच्या प्रमुखानं तो फोटो त्याच मिनिटाला काढायला हवा होता; तो दुसऱ्या दिवशी निघाला.

आरतीचा मान काढून घेणं ही गावाची चूक होती, आणि गावातल्या जाणत्यांनी ती खाजगीत मान्य केली. मंडळाची पोरं तोवर ऐकायच्या पलीकडे गेली होती असं कारण त्यांनी दिलं. त्या पोरांना पहिल्या बैठकीत बोलावलं नव्हतं. वडीलधारे बोलतील तेवढं पुरे, असं धरलं. पुढे दुसऱ्या बैठकीत त्यांना रांगेची जबाबदारी दिल्यावर तीच पोरं सगळ्यात उपयोगी पडली.

बदल अर्जाचं काम वाद होण्याआधी करायचं होतं, असं म्हणणं सोपं आहे. नवीन माणसं येणाऱ्या अशा प्रत्येक गावात कोणीतरी जाऊन देवळाचं परिशिष्ट १ एकदा काढून बघावं. त्यावर जिवंत माणसं किती आहेत एवढं मोजलं तरी पुरे. हे प्रकरण लिहिताना आमचे अर्ज अजून चालू आहेत आणि मानधन अजून वहीतच आहे. जो वही ठेवतो तो सत्तरी ओलांडलेला आहे, ही गोष्ट बैठकीत एकदा निघाली आणि हसण्यावारी गेली.

सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट टपरीची. या व्यवहारात तीन बाजू होत्या आणि आम्ही दोनच बसवल्या. निम्म्या भावातले नारळ बंद झाल्यावर टपरीवालीला बाजारातून पुऱ्या भावानं आणावे लागले, तिनं दर वाढवले, आणि ज्या सोसायटीनं फिरता नारळ बंद करायला लावला त्याच सोसायटीच्या बायका आता ‘हिचा नारळ महाग’ म्हणून सुपरमार्केटातून नारळ घेऊन येऊ लागल्या. तिनं कधी काही लपवलं नव्हतं. पहिल्या दिवशी खरं बोलली म्हणून तर सगळं उघड झालं. तिला सुती खण ठेवायला सांगावं, लागलं तर पहिल्या मालाला लोकांनी मिळून भांडवल द्यावं, अशी सूचना आता आलीय. पाकिटांचा प्रश्नही त्यातून सुटेल असं काहींना वाटतं. माझ्या मते अर्धा सुटेल. पाकीट स्वस्त आहे आणि खण स्वस्त नाही.

यंदाच्या नवरात्राआधीच्या बैठकीला तिला निरोप धाडला होता. ती आली नाही. बैठक मंगळवारी ठेवली होती, आणि मंगळवारी गिऱ्हाईक सोडून ती कशी येणार? पुढची बुधवारी ठेवली आहे.